ऑक्टोपॅड ते लॅपटॉप : इलेक्ट्रॉनिक संगीतप्रयोगातील नियंत्रक, सॉफ्टवेअर आणि वादकाचा हात

सारांश

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रत्यक्ष सादरीकरणात आज संगणकातील सॉफ्टवेअर आणि त्यास जोडलेले हस्तचालित नियंत्रक यांचा वापर रूढ झाला आहे. हे तंत्र आपल्याकडे नव्याने आले, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. प्रस्तुत लेखात ठाणे परिसरातील, विशेषतः कोलशेतसारख्या खाडीकाठच्या गावांतील बेंजो पथकांच्या संदर्भात या तंत्राचा परिचय करून दिला आहे. नियंत्रकाची कार्यपद्धती, मिडी संकेतप्रणाली, काळाचा विलंब, मींड व श्रुतींचा प्रश्न आणि सॉफ्टवेअरमधील गृहीतके यांचे विवेचन करून, यंत्राच्या साहाय्याने 'वाजवणे' आणि 'लावणे' यांतील भेद कोणत्या निकषांवर ठरवावा, याचा विचार येथे केला आहे. महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोगा एक आंतरविद्याशाखीय उपक्रमही शेवटी सुचविला आहे.

बीजसंज्ञा : नियंत्रक, मिडी, ऑक्टोपॅड, बेंजो पथक, विलंब, मींड, लय.

१. प्रास्ताविक

ठाणे शहराच्या उत्तरेकडे, घोडबंदर रस्त्यापासून खाडीकडे उतरत गेले की कोलशेत लागते. मूळची ही कोळी-आगरी वस्ती. पुढे आसपास रासायनिक कारखाने आले. त्यानंतरच्या काळात उंच निवासी संकुले उभी राहिली. गावाचे रूप पालटले, तरी नारळी पौर्णिमा, होळी, लग्नाची हळद आणि गणेशविसर्जन या प्रसंगांचे संगीताशी असलेले नाते तुटलेले नाही. एकेकाळी लग्नविधीत धवलारीण धवळे गाई आणि वाद्ये मोजकीच असत. पुढे बेंजो पथके आली. आता अनेक ठिकाणी पथकाच्या जागी ध्वनिक्षेपकांची भिंत आणि लॅपटॉप दिसतो.

या बदलाची नोंद लोकभाषेने फार नेमकेपणाने घेतली आहे. बेंजो 'वाजवतात', डीजे 'लावतात'. एका क्रियापदात वादकाच्या हाताचे श्रम आहेत, तर दुसऱ्यात कळ दाबण्याची क्रिया. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले तंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरला जोडलेला नियंत्रक, या दोन क्रियापदांच्या मधोमध उभे आहे. तोच लॅपटॉप आणि तीच पेटी वापरून एखादा कलावंत खऱ्या अर्थाने वाजवू शकतो, आणि दुसरा केवळ गाणे लावून हात हलविण्याचा देखावा करू शकतो. बाहेरून पाहणाऱ्यास हा फरक चटकन कळत नाही. पथकात वाजविणारा विद्यार्थी आपल्या वर्गातही बसलेला असतो. त्याच्या कौशल्याचे मूल्यमापन करण्याची वेळ आली, तर हा फरक आपणास ओळखता आला पाहिजे. त्यासाठी तंत्राची किमान जाण आवश्यक ठरते.

२. नियंत्रक म्हणजे काय?

पारंपरिक वाद्यात हाताची क्रिया आणि नाद यांचा संबंध भौतिक असतो. ढोलकीच्या पुडीवर थाप पडते, पुडी कंप पावते, हवा हलते. क्रिया करणारे अंग आणि नाद निर्माण करणारे अंग एकाच वस्तूत असते. इलेक्ट्रॉनिक वाद्यात ही दोन अंगे वेगळी करता येतात. हाताची क्रिया टिपणारे जे उपकरण, त्यास नियंत्रक अथवा कंट्रोलर म्हणतात. नाद निर्माण करण्याचे काम दुसरे यंत्र किंवा संगणकातील सॉफ्टवेअर करते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे ध्यानात घ्यावी लागते. निव्वळ नियंत्रकास स्वतःचा आवाज नसतो. त्याची वीज चालू ठेवून, परंतु संगणकाची जोडणी काढून, कितीही जोराने वाजविले तरी बोटांच्या टकटकीपलीकडे काही ऐकू येणार नाही. कोणती कळ दाबली, किती वेगाने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच माहिती तो आकड्यांच्या स्वरूपात पुढे पाठवितो. त्या आकड्यांतून सतार उमटावी, ढोलकी उमटावी की समुद्राची गाज, हे सॉफ्टवेअरमध्ये आधी केलेल्या मांडणीवर अवलंबून असते.

नियंत्रकांचे चार प्रकार सामान्यतः आढळतात : (१) पियानोसारख्या पट्ट्या असलेला कीबोर्ड, (२) आघातासाठी रबरी पॅड असलेली पेटी, (३) फिरवण्याच्या खुंट्या व सरकपट्ट्या असलेले फलक, आणि (४) चौकटींच्या जाळीसारखी रचना असलेले, प्रत्येक चौकटीतून ध्वनिखंड सुरू करणारे फलक. चौथ्या प्रकारातील नोव्हेशन कंपनीचे लाँचपॅड आणि अकाई कंपनीचे एपीसी ४० ही दोन्ही २००९ मधील उपकरणे असून, २००१ मध्ये बाजारात आलेल्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरबरोबर ती विशेष प्रचलित झाली.

३. पूर्वपीठिका : बेंजो, ऑक्टोपॅड आणि मुंबईतील प्रयोग

आपल्याकडे ज्यास बेंजो म्हणतात ते अमेरिकी बॅंजो नव्हे. ते बुलबुल तरंग होय. त्याचे मूळ टायशोगोतो या जपानी वाद्यात आहे. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोया येथे ते तयार केले. तारांवर टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसविणे, ही त्यामागील कल्पना. आपल्या कारागिरांनी व वादकांनी त्यास विद्युत पिकअप बसवून ध्वनिवर्धकास जोडले आणि मिरवणुकीच्या गोंगाटात टिकेल असा त्याचा टणत्कार घडविला. हिंदी चित्रपटानेही या पथकजीवनाची दखल घेतली. रवी जाधव दिग्दर्शित 'बँजो' हा चित्रपट २०१६ मध्ये प्रदर्शित झाला.

या पथकांत बेंजोच्या शेजारी, गाडीवर बांधलेला ऑक्टोपॅड असतो. या वाद्याचा जन्म आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ मध्ये 'ऑक्टोपॅड' या नावाने जे पहिले यंत्र, पॅड-८, बाजारात आणले, त्यात एकही ध्वनी नव्हता. आठ पॅड आणि मिडीची जोडणी, इतकाच त्याचा संभार. दुसऱ्या ध्वनियंत्रास जोडल्यावाचून ते मुके होते. म्हणजेच आजच्या परिभाषेत ते शुद्ध नियंत्रक होते. पुढील पिढ्यांत, उदाहरणार्थ १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये, ध्वनी यंत्राच्या आतच समाविष्ट झाले आणि वाद्यवृंदांत व पथकांत तेच रूप अधिक परिचयाचे ठरले. तरीही त्याची मिडी जोडणी कायम राहिली. कोलशेतच्या पथकातील जुना ऑक्टोपॅड आजही योग्य तारेने लॅपटॉपला जोडला, तर तो नियंत्रक म्हणून काम करील. नवे म्हणून ज्याकडे पाहिले जाते, त्याचे मूळ आपल्या गाडीवरच बांधलेले आहे.

भारतातील इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास याहूनही मागे जातो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर असलेला ध्वनिकक्ष उभा राहिला. मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे वापरून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिच्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा युरोप-अमेरिकेत पुढे लोकप्रिय झालेल्या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून जाणकार चकित झाले. वयाच्या सत्तरीत त्यांना परदेशी रंगमंचावर निमंत्रणे आली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. टीबी-३०३ हे यंत्र एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाऊ शकते. रागसंगीत जाणणाऱ्या वादकाने त्या सोयीत मींडेची शक्यता हेरली, हे यातील मर्म होय.

४. मिडीची भाषा

नियंत्रक आणि सॉफ्टवेअर यांच्यातील संवाद ज्या भाषेत होतो तिला मिडी म्हणतात. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड प्रथमच एका तारेने जोडून दाखविण्यात आले आणि त्याच वर्षी या प्रणालीचा आराखडा प्रसिद्ध झाला. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना या कार्याबद्दल २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीचा मूलभूत संदेश तीन बाइटांचा असतो. पहिला बाइट 'स्वर सुरू' ही आज्ञा आणि सोळांपैकी वाहिनीचा क्रमांक सांगतो, दुसरा स्वराचा क्रमांक आणि तिसरा आघाताचा वेग. स्वरक्रमांक आणि वेग या दोन्हींची व्याप्ती ० ते १२७ अशी आहे. ४४० हर्ट्झचा स्वर म्हणजे क्रमांक ६९. खुंट्या व सरकपट्ट्यांसाठी स्वतंत्र संदेश असून त्यांतील क्रमांक ७ आवाजाच्या पातळीसाठी, तर ६४ पायपट्टीसाठी राखलेला आहे. लय एकत्र ठेवण्यासाठी यंत्रे परस्परांना प्रत्येक मात्रेस २४ ठोके पाठवितात.

या भाषेची मर्यादा आपल्या वादकास लगेच जाणवते. ढोलकीचा वादक एका पुडीवर नुसता आघात करीत नाही. घुमाऱ्याच्या बाजूवर तळव्याने दाब देत तो नाद खालून वर ओढून नेतो. साधा पॅड या क्रियेतील फक्त आघाताचा वेग टिपतो. त्यानंतर तळव्याने काय केले याची त्याला वार्ता नसते. दाब सतत टिपणारा पॅड असेल आणि सॉफ्टवेअरमध्ये तो दाब स्वराच्या उंचीशी जोडला असेल, तरच तो घुमारा परत मिळतो. म्हणजे हाताची कोणती क्रिया नादापर्यंत पोहोचू द्यायची, हा निर्णय कोणीतरी आधी घेतलेला असतो. तो वादकाने स्वतः घेतला की कारखान्याने ठरविलेल्या मांडणीवर सोपविला, यावर वादनाची प्रत बरीचशी अवलंबून असते.

५. काळाचा प्रश्न : विलंब आणि लय

पॅडवर बोट पडल्यापासून नाद कानी येईपर्यंत जो अवधी जातो त्यास विलंब म्हणावे. मूळ मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट वाहतात. प्रत्येक बाइटास आरंभ-समाप्तीच्या खुणांसह १० बिट लागतात. त्यामुळे तीन बाइटांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १ मिलिसेकंद लागतो. हा काळ नगण्य आहे. खरा विलंब संगणकात होतो. संगणक ध्वनी थेंबाथेंबाने न देता घड्याभराने देतो. त्या घड्यास बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने २५६ नमुन्यांचा बफर भरण्यास ५.८ मिलिसेकंद लागतात, ५१२ नमुन्यांस ११.६ आणि १,०२४ नमुन्यांस २३.२ मिलिसेकंद.

हे आकडे अनुभवाच्या भाषेत मांडता येतात. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर. साडेतीन मीटरवर उभ्या असलेल्या सहवादकाचा आवाज आपणास नेहमीच एवढ्या उशिराने ऐकू येतो आणि आपण त्यास सरावलेले असतो. म्हणून १० मिलिसेकंदांच्या आतील विलंब बहुधा सोसवतो. मात्र मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत चौगुणी वाजविताना दोन आघातांतील अंतर जेमतेम ९४ मिलिसेकंद उरते. तेथे २३ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे त्या अंतराचा जवळजवळ चौथा हिस्सा. अशा वेळी वादकास आपला हात आणि कान यांत फूट पडल्याचे जाणवते. तो नकळत आघात आधी करू लागतो किंवा बिचकून सावकाश वाजवू लागतो. हा दोष त्याच्या तालमीचा नसून यंत्राच्या मांडणीचा असतो. परीक्षकाने हे ध्यानात ठेवले नाही, तर चांगल्या वादकावर अन्याय होऊ शकतो.

बफर लहान केल्यास विलंब घटतो, पण संगणकावरील ताण वाढून आवाजात कडकड उद्भवते. यासाठी प्रयोगापूर्वी लॅपटॉपवरील इतर कामे बंद करणे, स्वतंत्र ध्वनिजोडणीचे उपकरण वापरणे आणि प्रत्यक्ष प्रयोगाच्या ठिकाणी बफरचा आकार पारखून घेणे, ही पूर्वतयारी तबल्याचा सूर मिळविण्याइतकीच आवश्यक मानली पाहिजे.

६. स्वराचा प्रश्न : मींड आणि श्रुती

कळांच्या वाद्यावर आपल्या संगीताचा आक्षेप जुना आहे. हार्मोनियमवर मींड घेता येत नाही आणि तिचे स्वर समसप्तकात बांधलेले असतात, या कारणांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ मध्ये उठली. दरम्यान महाराष्ट्राच्या मैफलींत व नाट्यसंगीतात मात्र ती अविचल राहिली. पुढे गोविंदराव पटवर्धन यांचे शिष्य डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम सिद्ध केली. आक्षेपास उत्तर वाद्याच्या रचनेतूनही देता येते, हे त्यावरून दिसून आले.

नियंत्रकाबाबतही हेच घडत आहे. समसप्तकातील गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो, तर ५:४ या गुणोत्तराचा स्वाभाविक गांधार सुमारे ३८६ सेंटांवर. हा १४ सेंटांचा फरक तानपुऱ्याच्या साथीत स्पष्ट ऐकू येतो. मिडीत स्वर वाकविण्याचा जो संदेश आहे, त्यास १६,३८४ पायऱ्या आहेत. त्याची व्याप्ती वर-खाली प्रत्येकी दोन अर्धस्वर ठेवली, तर एक पायरी सेंटाच्या चाळिसाव्या भागाहून लहान होते. ती कोणत्याही कानास कळणार नाही. म्हणजे श्रुती आणि मींड या दोहोंसाठी आवश्यक ती सूक्ष्मता मिडीत आरंभापासून होती. याउलट तेच काम १२८ पायऱ्यांच्या साध्या खुंटीकडे सोपविले आणि व्याप्ती वर-खाली एकेक सप्तक ठेवली, तर प्रत्येक पायरी सुमारे १९ सेंटांची होते आणि मींडेऐवजी जिना ऐकू येतो. प्रयोगात मींड तुटक वाटली, तर प्रथम ही मांडणी तपासावी.

आणखी एक अडचण अशी की, स्वर वाकविण्याचा संदेश संपूर्ण वाहिनीस लागू होतो. एक स्वर वाकविला की त्या वाहिनीवरील सर्व स्वर वाकतात. खाली षड्ज स्थिर ठेवून वर मींड घेता येत नाही. यावर तोडगा म्हणून प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी देणारी एमपीई ही पद्धत २०१८ मध्ये मान्य झाली. २०२० मध्ये स्वीकारलेल्या मिडी २.० मध्ये आघाताच्या वेगासाठी १२८ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या उपलब्ध झाल्या असून प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकविण्याची सोय प्रणालीतच अंतर्भूत आहे.

७. सॉफ्टवेअरमधील गृहीतके : 'वाजवणे' आणि 'लावणे'

सॉफ्टवेअर तटस्थ नसते. एबलटन लाइव्ह प्रथम उघडले असता त्यात मिनिटाला १२० मात्रांची लय आणि चार मात्रांचे आवर्तन आधीच मांडलेले असते. ध्वनिखंडाची चौकट दाबली की तो खंड लगेच सुरू न होता पुढील आवर्तनाच्या आरंभी सुरू होतो. युरोपीय नृत्यसंगीतासाठी ही सोयीची योजना आहे. परंतु कोळीगीतांत वारंवार आढळणारी सहा मात्रांची झुलती चाल या चौकटीत बसविली, की सम चुकते. आवर्तनाची लांबी बदलणे ही दोन कळांची क्रिया आहे. मात्र ती बदलायची असते, हे ज्यास ठाऊक नाही, तो आपली चालच चार मात्रांत कोंबतो. आघात आपोआप काटेकोर जागी ओढून बसविणारी क्वांटाइझ ही सोयही अशीच दुधारी आहे. ती अडखळणारा हात सुधारते, आणि ठेक्यातील हेतुपुरस्सर ठेवलेली ढिलाईही पुसून टाकते.

मिरवणुकीतील एक नेहमीचा प्रसंग विचारात घ्यावा. वळणावर मिरवणूक थांबते. नाचणाऱ्यांना तोच मुखडा पुन्हा हवा असतो. बेंजो पथक डोळ्याच्या इशाऱ्यावर मुखडा घोळविते, लय चढविते, आणि मार्ग मोकळा होताच पुढे सरकते. आधी ध्वनिमुद्रित केलेले अखंड गाणे हे करू शकत नाही. ते आपल्या ठरलेल्या मिनिटांत संपते. तेच गाणे मुखडा, अंतरा, ठेका आणि बेंजोचा तुकडा अशा खंडांत विभागून नियंत्रकाच्या चौकटींवर मांडले, तर वादक पुन्हा प्रसंगाकडे पाहून निर्णय घेऊ शकतो. त्यावर स्वतःच्या हाताने पॅडवर ठेका धरला, तर तो पथकाच्या परंपरेच्या अधिकच निकट येतो.

या विवेचनाच्या आधारे, एखाद्या सादरीकरणास वादन म्हणावे की नाही हे ठरविण्यासाठी पुढील चार प्रश्न विचारता येतील :

(१) वादकाने हात थांबविला, तर संगीतातील काय थांबते आणि काय चालू राहते?

(२) तीच रचना दुसऱ्यांदा सादर केली, तर काय बदलू शकते?

(३) आघाताचा जोर, दाब आणि क्षण यांपैकी काय काय नादापर्यंत पोहोचते?

(४) ही मांडणी वादकाने स्वतः समजून केली आहे काय, आणि चूक झाल्यास तो ती प्रयोगातच सावरू शकतो काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच थांबत नाही' असे असेल, तर ते 'लावणे' होय. मात्र सर्वच हाताने केले पाहिजे, असाही आग्रह धरता येत नाही. तानपुरा किंवा लेहरा सतत चालू ठेवून त्यावर कलावंताने निर्मिती करणे, ही आपल्याकडील मान्य रीत आहे. अमेरिकेतील संगणकसंगीताचे प्रवर्तक मॅक्स मॅथ्यूज यांनीही स्वरांचा क्रम संगणकाकडे आणि लय, जोर व भाव वादकाच्या हाताकडे, अशी विभागणी करून पाहिली होती. कोणते निर्णय यंत्राकडे आणि कोणते हाताकडे, याचा विवेक येथे महत्त्वाचा आहे.

८. ध्वनिपातळीविषयी एक खुलासा

या विषयाची चर्चा ठाण्यात निघाली की ध्वनिप्रदूषणाचा मुद्दा उपस्थित होतो, आणि तो योग्यच आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल देताना, ध्वनिक्षेपकाचा वापर हा धर्माचा अनिवार्य भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

तथापि नियंत्रक आणि आवाजाची पातळी यांची गल्लत करू नये. आघाताच्या वेगाचा १२७ हा आकडा म्हणजे १२७ डेसिबल नव्हेत. तो वादकाच्या हाताचा जोर सांगतो. त्याचे किती डेसिबल करावयाचे हे ध्वनिवर्धक आणि तो चालविणारा ठरवितो. उलट, नियंत्रकावरील सराव कानांवर श्रवणयंत्र लावून शेजाऱ्यास कळू न देता करता येतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या गावठाणातील घरांत ढोलाचा सराव अशक्य असताना ही सोय मोलाची आहे.

९. महाविद्यालयीन उपक्रमाची रूपरेषा

नियंत्रक विकतच घ्यावा लागतो असे नाही. भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र आणि संगीत या विभागांनी एकत्र येऊन तो प्रयोगशाळेत घडविता येतो. यासाठी पीझो चकती, सुमारे एक मेगाओहमचा रोध आणि अर्दुइनो लिओनार्दोसारखा, यूएसबीद्वारे संगणकास मिडी उपकरण म्हणून ओळख देऊ शकणारा फलक पुरेसा आहे. चकतीवर आघात झाला की तीत विद्युतदाब निर्माण होतो. फलक तो ० ते १,०२३ या आकड्यांत मोजतो. त्यास ८ ने भागून पूर्णांक घेतला की ० ते १२७ हा मिडीचा वेग मिळतो. एकाच आघाताची चकतीवरील थरथर दोनदा मोजली जाऊ नये म्हणून आघातानंतर काही मिलिसेकंद मोजणी थांबवावी लागते. हा काळ फार ठेवला तर जलद बोल गळतात, कमी ठेवला तर एका थापेचे दोन बोल होतात. किती ठेवावा, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यास ढोलकी वाजविणाऱ्या सहाध्यायाकडूनच शिकावे लागते.

नादनिर्मितीसाठी मिलर पकेट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्युअर डेटा हे सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. त्यात रेषांनी जोडलेल्या चौकटींतून मांडणी करावयाची असल्याने, हाताची कोणती क्रिया कोठे जाते हे विद्यार्थ्यास डोळ्यांनी दिसते. अशा उपक्रमाचे मूल्यमापन वर दिलेल्या चार प्रश्नांच्या आधारे करता येईल.

१०. समारोप

नियंत्रक आणि सॉफ्टवेअर यांची जोडी संगीतास आपोआप उंचावत नाही, तशी आपोआप भ्रष्टही करीत नाही. जपानी टायशोगोतोचा बेंजो झाला तो आपल्या वादकांनी त्यास आपल्या चालींच्या कामास जुंपले म्हणून. मुक्या पॅडचा ऑक्टोपॅडही त्याच वाटेने आपला झाला. लॅपटॉपच्या बाबतीत ही वाट अजून पुरती चालून झालेली नाही. ती चालली गेली नाही, तर पथकांतील वादकांचे हात रिकामे होतील आणि त्यांच्याबरोबर सहा मात्रांची ती चाल प्रसंगानुसार घोळविण्याचे ज्ञानही लोपेल. कारण हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, ते हातात आहे.

कोलशेतच्या पथकातून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातील हे ज्ञान महाविद्यालयाने ओळखावे आणि यंत्राची मांडणी समजून घेण्याचे साधन त्याच्या हाती द्यावे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पॅडवर पडलेल्या त्याच्या थापेचा आकडा पडद्यावर उमटतो तेव्हा तो कसा वाचावा, एवढे आपणास शिकता आले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.